शर्टाचं शेपूट

डेट्रॉइट
८ नोव्हेंबर १९७८, बुधवार

डेल्या,

हे पत्र आडवा पडून लिहितोय. अक्षर वर चढत गेलं तर मान तिरकी कर आणि वाच.

पहिली गोष्ट. सौनाच्या न्हाणीघराच्या छपरावरून मी 'पडलो' असं कॅम्पवर कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. घसरलो. छपरावर बर्फ होतं. तेव्हा ऑक्टोबर होता आणि बर्फ नव्हतं हे याल्मरला माहीत आहे, तरीसुद्धा.

खुब्याचं हाड जोडलंय. डॉक्टर म्हणतो चाला, वॉकर दिलाय. तो कोपऱ्यात उभा आहे आणि मी इथे आडवा आहे, आमचं एकमेकांशी काही भांडण नाही. इलेन म्हणते, बाबा, आता तिकडे वर एकटे कशाला राहता, घर विका, माझ्याकडेच राहा. माझी मुलगी आहे, चांगलंच बोलते. पण तिच्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. जावई प्लास्टिकच्या ताटलीतलं मांस आणतो. ते कसलं आहे हे वरची चिठ्ठी वाचल्यावर कळतं.

आता कामाचं. एकतीस वर्षं शिकारीच्या कॅम्पवर त्या चुलीपुढे मी उभा राहिलो. यंदा पळी तुझ्या हातात द्यावी लागतेय, कारण याल्मरला अंडं उकडता येत नाही आणि ट्रेवारोला फक्त भाषण येतं. तू तीन वर्षं तिथे भांडी घासलीस, पण लक्ष कुठे होतं तुझं? माझ्या मिठाच्या डब्यात साखर भरण्याकडे.

म्हणून लिहून देतो. पहिल्या दिवशी जे हरीण पडेल त्याची कलेजी त्याच संध्याकाळी व्हायला हवी. मोठं पातेलं घे, पाणी भर, कलेजी अख्खी टाक आणि तीन तास उकळ. घाई नको. झाली असं वाटलं तरी आणखी अर्धा तास ठेव. कांदा नको, चव मारतो.

हृदय वेगळं काढून ठेव. त्याला हात लावू नकोस.

तीस तारखेला, सीझन संपताना, रिवाजाप्रमाणे पुढच्या वर्षीच्या आचाऱ्याच्या हातात पळी देतील. मी नसलो तरी नाव माझंच घ्यायचं, ट्रेवारोला आठवण कर.

आणि भिंतीवर नजर ठेव. ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे मागे लोंबतो तो तुकडा, कापून, नाव आणि साल घालून तिथे ठोकायचं हा नियम माझ्या बापाने केला. याल्मरची नऊ आहेत, ट्रेवारोची सहा, तुझी पोरा एवढ्यातच चार. माझं एकतीस वर्षांत एकही नाही. कुणी नवा माणूस आला तर दाखव.

तुझा,
ओन्नीकाका


पाइक क्रीक कॅम्प
१६ नोव्हेंबर १९७८, गुरुवार

ओन्नीकाका,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण जमिनीवर सहा ओले बूट आणि एक याल्मरकाका पसरलेत. तर उभ्यानेच.

भिंतीचं वाचलं. काका, तुम्ही बंदूकच हातात घेत नाही. चुकणार काय, पळी?

काल सीझन उघडला. याल्मरकाका बसायला जी बादली उपडी घालतात तिच्या आत मी आदल्या दिवशी गाईच्या गळ्यातली घंटा बांधून ठेवली होती. त्यांचा उजवा कान गेलेला, घंटा उजवीकडे. हलले की वाजायची, आणि त्यांना वाटायचं जंगल आज शांत आहे. सव्वासातला एक हरीण, काय वाजतंय ते बघायला आलं असणार, समोर येऊन उभं राहिलं. याल्मरकाकांनी गोळी घातली. आता ते सगळ्यांना सांगतायत की हरणाच्या जवळ जायचं तर मांजरासारखं बसावं लागतं.

ट्रेवारोकाका बघायला आले.

"शिंगं कुठायत रे याल्मर?"

"आहेत की. जवळ ये, दिसतील."

"चष्मा आणू का?"

"तुझं हरीण आण आधी, मग चष्मा आण."

शिंगं आहेत काका, मी हात लावून बघितलं. पेन्सिली असतात तेवढी.

आता कलेजीचं. तुमचं पत्र मी चुलीशेजारच्या खिळ्याला अडकवलंय, येता-जाता समोर असतं. कलेजी झाली, वाढली. काय झालं ते जसंच्या तसं सांगतो. याल्मरकाकांनी पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. मी जवळ जाऊन श्वास चालू आहे का बघितलं. मग त्यांनी ताटातला उरलेला तुकडा रुमालात गुंडाळला आणि खिशात टाकला. ट्रेवारोकाकांनी काटा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ओन्नी." बस. पुढे त्यांना बोलवेना.

मी काय समजायचं ते समजलो.

हृदय गोठवायच्या पेटीत ठेवलंय. हात लावलेला नाही.

तुमचा,
डेल


डेट्रॉइट
१८ नोव्हेंबर १९७८, शनिवार

डेल्या,

तुझं पत्र आत्ता मिळालं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दोनदा वाचलं. मग इलेनला वाचून दाखवलं, तिलाही वाईट वाटलं. जावयाला वाचून दाखवणार होतो, पण तो तेवढ्यात बाहेर गेला.

खिशात टाकला म्हणजे नक्की कसा टाकला? फेकायला जागा नव्हती म्हणून, की पुढेमागे बुटाला तळ म्हणून लावायला? याल्मरचा चेहरा कसा होता? तू सगळं अर्धवट लिहितोस. आणि ट्रेवारोने माझं नाव घेतलं तेव्हा आवाज कसा होता, रडवेला की नुसता भुकेला?

असो. एकतीस वर्षांची सवय आहे त्यांच्या जिभेला, तुझा दोष नाही. मोयाक्का कर, गरम रस्सा पोटात गेला की सावरेल. मानेचं मांस हाडासकट घे, बटाटे, कांदा, ऑलस्पाइसचे दाणे अख्खे. आणि नीट ऐक, चरबी मुळीच काढू नकोस. हरणाची जेवढी निघेल तेवढी पांढरी चरबी सगळी रश्शात जाऊ दे. लोक काढून टाकतात, मूर्ख आहेत. चव तिच्यातच असते.

तसं करून काय होतं ते सविस्तर लिही. चेहऱ्यांसकट.

ओन्नीकाका

(खाली पेन्सिलीने, दुसऱ्या अक्षरात)

डेल, मी इलेन. बाबा झोपलेत तेवढ्यात लिहिते. पडल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवण परत जायचं. वॉकरवर माझा नवरा टॉवेल वाळत घालायला लागला होता. आज तुझं पत्र वाचून तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले, इतके की मला वाटलं टाके उसवतात. मग म्हणाले, "माझ्याशिवाय मरतील ते तिकडे," आणि उठून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले. तिथे माझ्या रश्शाला नावं ठेवली आणि दोन ताटं जेवले. तू काय लिहितोस ते लिहीत राहा. खरं असो नसो, मला काही देणंघेणं नाही.


पाइक क्रीक कॅम्प
२२ नोव्हेंबर १९७८, बुधवार

ओन्नीकाका,

आधी माझी बातमी. परवा मोठा नर समोर आला, आठ टोकांचा, आडवा उभा. बंदूक उचलली, नेम धरला आणि नेमकं माझ्या डोक्यात आलं की कांदे संपत आलेत. गोळी सुटली, हरीण गेलं. म्हणजे फार घाईने पण गेलं नाही.

याल्मरकाकांनी ब्रेडच्या सुरीने शेपूट कापलं. आनंदाच्या भरात पाठीपर्यंत आले होते. पाचवं. आता मागून वारा लागतो.

तुमचं मोयाक्काचं पत्रसुद्धा खिळ्याला लावलं, पहिल्याच्या वर. काल सकाळी पातेलं चढवलं, सहा तास ठेवलं. दुपारभर ट्रेवारोकाका शेजारी बसून मला पास्टीवरचं भाषण देत होते. तुम्ही एकतीस वेळा ऐकलंय, तरी शेवट बदललाय म्हणून सांगतो. पूर्वी म्हणायचे की पास्टी ही खाणवाल्याची शिदोरी, पिठाच्या पोळीत भरून भाजायचं ते मांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागाचा कंद, ह्याउपर जो गाजर घालेल तो आमच्या कॉर्नवॉलच्या लोकांचा वैरी. आता म्हणतात, त्याला बंद पडलेल्या खाणीत सोडावा आणि दोर वर ओढून घ्यावा. मी म्हटलं, "काका, गाजराने तुमचं काय घोडं मारलंय?" तर म्हणाले, "गोड लागतं. माणूस खाणीत गोड खायला उतरत नाही."

मग मोयाक्का वाढला. चेहऱ्यांसकट सांगतो. याल्मरकाकांनी उन्हाळ्यात नवी कवळी बसवलीय ना, ती थोड्या वेळाने बाहेर आली. त्यांनी ती वाडग्याशेजारी ठेवली आणि त्यानंतर चकार शब्द बोलले नाहीत. मी विचारलं, "याल्मरकाका, कसं आहे?" त्यांनी हाताने 'गप बस' अशी खूण केली. ट्रेवारोकाका उठले, पातेल्यापाशी गेले, आत वाकून बघितलं, डोकं हलवलं आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. खूप वेळ. कॅम्पवर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

तुमची आठवण काढली दोघांनी. नंतर, बोलायला लागल्यावर.

तुमचा,
डेल


डेट्रॉइट
२५ नोव्हेंबर १९७८, शनिवार

डेल्या,

कवळी! मला ठाऊकच होतं. हरणाची चरबी म्हणजे मेण, टाळूला बसली की गरम कॉफीने पण हलत नाही. म्हणजे कधीकधी बसते. चांगली असली तरी. तुला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

पत्र आणायला मी स्वतः दारापाशी गेलो. वॉकरने. मग म्हटलं आलोच आहे तर कोपऱ्यापर्यंत जाऊ. कोपऱ्यावर एक बाई कुत्रा घेऊन उभी होती, तिला याल्मरच्या कवळीचं सांगितलं. ती कोण आहे मला माहीत नाही. इलेन म्हणते, अशी प्रगती राहिली तर वसंतात घरी जाता येईल. घर विकायचं आता दोन दिवस झाले ती बोललेली नाही.

आता शेवटचा आठवडा आहे, ट्रेवारोसाठी पास्टी करशीलच. मांस हाताने बारीक चिर, यंत्रातून काढू नकोस. आणि एक गुपित सांगतो. त्याच्या भाषणावर जाऊ नकोस. ट्रेवारोला गाजर फार आवडतं, लाजून सांगत नाही. लहानपणची काहीतरी भानगड आहे. मूठभर घाल. दोन मुठी घाल. आधी सांगू नकोस, त्याला मोडल्यावरच दिसू दे.

तीस तारखेच्या पळीचं विसरू नकोस. त्यांची अवस्था बघता माझं नाव घ्यायला फार विचार करावा लागेल असं वाटत नाही.

तुझा,
ओन्नीकाका


पाइक क्रीक कॅम्प
२९ नोव्हेंबर १९७८, बुधवार

ओन्नीकाका,

काल पास्टी केली.

ट्रेवारोकाकांनी हातात घेतली, अर्धी मोडली, वाफ जाऊ दिली आणि आत पाहिलं. एक घास खाल्ला. पास्टी खाली ठेवली. टोपी घातली. दार उघडून बाहेर गेले आणि लाकडांच्या ढिगाशेजारी बर्फात उभे राहिले. कोट न घालता. वीस मिनिटं. याल्मरकाका म्हणाले, "काय घातलंस रे त्याला?" मी म्हटलं, जे घालायचं तेच.

परत आले तेव्हा डोळे लालभडक. माझ्यासमोर उभे राहिले, बोट माझ्या छातीवर ठेवलं आणि म्हणाले, "डेल, ह्याची शिक्षा तुला गुरुवारी मिळणार."

गुरुवार म्हणजे उद्या.

कोपऱ्यावरच्या बाईला आमचा नमस्कार सांगा.

तुमचा,
डेल

ता.क. ट्रेवारोकाकांनी पण तुम्हाला पत्र लिहिलंय. जीभ लावून बंद करून माझ्याकडे दिलं, दोन्ही एकदमच टाकतो. बरे होण्यासाठी शुभेच्छा असतील. अक्षर बघून वाटतं शुभेच्छा पण कुऱ्हाडीने लिहिल्यात.


पाइक क्रीक कॅम्प
२९ नोव्हेंबर

मित्रा ओन्नी,

तू घसरलास म्हणे. याल्मर म्हणतो पडलास. कसंही असो, लवकर उभा राहा.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, पण हे लिहायलाच हवं. तू ह्या पोराला काय शिकवलंस! आम्हाला वाटलं होतं यंदा डब्यातल्या बीन्सवर दिवस काढावे लागणार. पहिल्या संध्याकाळी त्याने कलेजी केली, पातळ काप, बेकनच्या चरबीत, इकडून दोन मिनिटं, तिकडून दोन मिनिटं, वर कांदा. आत गुलाबी. डोळे मिटून खाल्लं असतं तर तूच चुलीपुढे आहेस असं वाटलं असतं. याल्मरने मिटलेच. त्याने तर एक तुकडा दुसऱ्या दिवशी बादलीवर बसून खायला खिशात ठेवला. मला 'ओन्नीसारखी झालीय' असं म्हणायचं होतं, पण तुझं नाव घेतलं आणि घसा भरून आला. वय झालं.

मोयाक्का केला तो पाण्यासारखा नितळ, वर चरबीचा एक टिपका नाही. याल्मरने मानेची हाडं चोखायला कवळी काढून ठेवली, चार वाडगे खाल्ले आणि पोराने काही विचारलं तर हाताने गप केलं. मी पातेल्याचा तळ पावाने पुसून खाल्ला, पोराकडे पाठ करून, कारण ह्या वयात ते बरं दिसत नाही.

आणि काल पास्टी. ओन्नी, माझी आई १९४१ मध्ये गेली. त्यानंतर मी अशी पास्टी खाल्ली नव्हती. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, कारण आत याल्मर होता.

तर उद्या पळी पोराला द्यायची असं आम्ही ठरवलंय. खाणीतल्या कामावरून काढल्यापासून तो नुसता खोड्या काढत फिरतो, त्याला हातात धरायला काहीतरी हवं. मी म्हणालो ओन्नीला राग येणार नाही, त्याचाच तर चेला आहे. याल्मर म्हणाला येईल. पैज लागलीय. हरेल त्याने पुढचा सीझनभर विहिरीचं पाणी आणायचं. तेव्हा काय ते खरं कळव.

तुझा,
क्लॅरेन्स ट्रेवारो


डेट्रॉइट
२ डिसेंबर १९७८

डेल,

तुझं पत्र आलं. ट्रेवारोचंही आलं. एकाच दिवशी, एकावर एक.

पळी कुणाकडे आहे?

ओन्नी निस्काला

(सोबत वेगळी चिठ्ठी)

डेल, काय झालं? बाबा परत भिंतीकडे तोंड करून पडलेत. ताट जसंच्या तसं आहे. आज मी घराचा विषय काढला तर म्हणाले, "वीक." तुला काही करता येत असेल तर कर.
इलेन


ट्राउट क्रीक
६ डिसेंबर १९७८

ओन्नीकाका,

तुम्ही मला आडनावासकट सही केलीत. आपलं आडनाव एकच आहे, तरी लागलं.

पळी माझ्याकडे आहे. ट्रेवारोकाकांनी दिली. मी नको म्हटलं, तुमचं नाव सांगितलं. परत दिली, परत नको म्हटलं. तिसऱ्यांदा घेतली. खोटं कशाला बोलू, मला हवी होती. खाणीतून काढल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी नीट धर म्हणालं.

आता दुसरं. मी तुम्हाला जी तीन पत्रं लिहिली ती काढा आणि तपासा. एकही अक्षर खोटं नाही. डोळे मिटले होते, कवळी बाहेर आली होती, वीस मिनिटं बर्फात उभे होते. कशामुळे ते मी लिहिलं नाही, एवढंच. ते तुम्ही तुमच्या मनाने भरलंत.

कारण तुम्ही काय सांगताय ते मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. कलेजी आणि तीन तास! मला वाटलं, म्हातारा माझी खोडी काढतोय. इतका आनंद झाला, तुम्हाला सांगू, आजवर मीच एकटा काढत होतो. म्हणून मी उलटी काढली. मग इलेनताईची चिठ्ठी आली, आणि मला कळलं की ही खोडी नाही. तुम्हाला वाटत होतं की माझं जेवण चांगलं झालं तर तुमची जागा गेली. तेव्हापासून मी खोडी म्हणून लिहीत नव्हतो. तुम्ही चालत होतात ना.

तुम्ही विचारलंत, तीन वर्षं भांडी घासताना लक्ष कुठे होतं. काका, भांड्यातच होतं. जो भांडी घासतो त्याला सगळं कळतं. तुमच्या कढईला कलेजी कधी चिकटलेली नसायची, म्हणजे आच मोठी आणि वेळ थोडा. कांदा कडेला करपलेला असायचा, म्हणजे कांदा शेवटी. मोयाक्काचं पातेलं गार पाण्याने धुतलं तरी स्वच्छ व्हायचं, म्हणजे चरबी तुम्ही शेवटच्या कणापर्यंत काढत होतात. पास्टीच्या ताटात तीन वर्षांत मला गाजराचा एक तुकडा सापडला नाही. हे सगळं मी तुमच्याकडूनच शिकलो, फक्त तुम्ही शिकवत नव्हतात. त्या दोघांना वाटतंय की तुम्ही पत्रातून शिकवलंत. ती पत्रं खिळ्याला होती, पण कोऱ्या बाजूने. त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही.

आणि एक भांडं तुम्ही मला कधी घासू दिलं नाही. हृदयाचं. ते भरून भाजायचात त्या दिवशी ते लोखंडी भांडं स्वतः घासून, पुसून, वर ठेवून द्यायचात. त्यामुळे ते मला येत नाही. आत काय भरता, किती वेळ, काहीच नाही. याल्मरकाकांच्या हरणाचं हृदय घरी आणून शीतपेटीत ठेवलंय. सांगितलंत तसा हात लावलेला नाही.

घर विकू नका. मग मी ते कुणाला विचारू?

तुमचा,
डेल


डेट्रॉइट
११ डिसेंबर १९७८

डेल्या,

पार्सल उघडताना सुरी जपून वापर, आत कापड आहे.

पत्र मिळालं. मग तुझी आधीची तिन्ही काढून तपासली. एकही अक्षर खोटं नाही, हे खरं आहे. तुझ्या बापाला कधी जमलं नसतं. बाहेर जायला उठलो, पण कोपऱ्यावरच्या बाईला हे कसं सांगायचं ते कळेना, म्हणून नुसताच जाऊन आलो.

ट्रेवारोला निरोप दे की पाणी त्याने आणायचं. राग आला होता. चांगले चार दिवस.

हृदयाचं पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी लिहिलेल्या कृतींचं काय होतं ते तू बघितलंस. एप्रिलमध्ये येतोय, समोर उभा राहून दाखवतो. उभं राहवलं नाही तर बसून दाखवतो. भांडं तू घास.

इलेनने विचारलं, बाबा, चांगला लोकरीचा शर्ट का कापलात? मी म्हटलं, नेम चुकला. ती म्हणाली, कुणावर धरला होतात? त्याचं उत्तर तुला माहीत आहे.

नाव शाईने घातलंय, पाण्याने जाणार नाही. वाचून घे:

ओन्नी निस्काला, १९७८. तीन गोळ्या, तिन्ही चुकल्या.

ठोक ते. वरच्या ओळीत नको, तिथे याल्मरची गर्दी आहे. चुलीच्या डाव्या हाताला लाव, खाली, खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसेल असं. चुलीपाशी खुर्ची नाही हे मला माहीत आहे. आण एक. पाठ असलेली आण.

तुझा,
काका

ता.क. गाजराचं ट्रेवारोला कधीच सांगू नकोस. मला अजून जगायचंय.